कॅमेऱ्यामागचा माणूस कॅमेऱ्यासमोर येतो तेव्हा: प्री-वेडिंग शूटचं नियोजन कसं करायचं?

साखरपुडा झाला, लग्नाची तारीख ठरली, हॉलही मिळाला. मग घरात कुणीतरी विचारतंच, "प्री-वेडिंगचं काय करताय?" बहुतेक जोडप्यांसाठी उत्तर सोपं असतं. ओळखीतला एखादा फोटोग्राफर, त्याचं पॅकेज, दोन-तीन ड्रेस आणि एक रविवार. पण दोघांपैकी एकाच्या गळ्यात शाळेपासून कॅमेरा असेल, तर हाच साधा प्रश्न बराच अवघड होऊन बसतो.

अशी व्यक्ती घरातल्या प्रत्येक बारशाला, मुंजीला, सहलीला फोटो काढत आलेली असते. त्यामुळे घरच्या अल्बममध्ये सगळे दिसतात, ती सोडून. शिवाय चांगला फोटो म्हणजे काय, याबद्दल तिची मतं पक्की असतात. समोरच्याने उजेडाच्या चुकीच्या बाजूला उभं केलं तर तिला ते लगेच कळतं, आणि कळल्यावर गप्प बसवत नाही. मग शूटच्या दिवशी फोटोग्राफर वैतागतो, जोडीदार कंटाळतो आणि फोटोत नेमका तोच कंटाळा उतरतो.

हे टाळायचं तर शूटच्या आधी काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात. त्यातली पहिली गोष्ट लेन्सची नाही, माणसांची आहे.

फोटो नेमके कोण काढणार?

पर्याय तीन असतात. स्वतः ट्रायपॉड लावून काढायचे, फोटो काढणाऱ्या मित्राला सांगायचं किंवा व्यावसायिक फोटोग्राफर नेमायचा.

स्वतः काढण्याचा मोह मोठा असतो, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात अशक्य काही नाही. रिमोट किंवा मोबाईलवरचं अॅप असलं की काम भागतं. दूरवरचा डोंगर, पायथ्याशी उभी असलेली दोन छोटी माणसं, किंवा मावळतीच्या समोर काळ्या आकृती, अशा स्थिर चौकटी ट्रायपॉडवर उत्तम येतात. अडचण येते ती जवळच्या फोटोंत. दर क्लिकनंतर एक जण पळत जाऊन स्क्रीन बघतो, फोकस दुरुस्त करतो, परत येतो. दुसरा तेवढा वेळ हसरा चेहरा धरून उभा असतो. दहा मिनिटांत तो चेहरा उतरतो.

मित्राला सांगण्यात आपलेपणा असतो, पण मित्राला "हे जमलं नाही, परत काढ" असं सांगता येत नाही. मोबदला द्यायचा नसल्यामुळे वेळेचा आग्रहही धरता येत नाही.

म्हणून बऱ्याचदा दिवसाची वाटणी करणं सोयीचं पडतं. सर्वांत चांगल्या उजेडाचे दीड-दोन तास व्यावसायिक फोटोग्राफरचे. त्या वेळात फोटोप्रेमीचा स्वतःचा कॅमेरा बॅगेत बंद राहील, हे आधीच कबूल करून टाकायचं. त्यानंतर अर्धा तास फक्त दोघांचा. त्यात फोटोप्रेमी आपल्या जोडीदाराचे फोटो काढेल आणि मग कॅमेरा जोडीदाराच्या हातात देईल. जोडीदाराने काढलेले फोटो हलतील, तिरके येतील. पण आयुष्यभर कॅमेऱ्यामागे लपलेला माणूस एका विशिष्ट व्यक्तीकडे बघताना कसा दिसतो, हे दाखवणारे फोटो बहुधा तेच असतात.

कॅमेरा कुणाच्या हातात आणि नाव कुणाचं, हा प्रश्न जोडप्यांमध्ये नवा नाही. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. कॅमेरा हाताळायला त्यांना शिकवलं ते माणेकशा व्यारावाला यांनी, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. सुरुवातीच्या काळात होमाईंनी काढलेले फोटो माणेकशांच्या नावाने छापून येत. १९१३ साली जन्मलेल्या या बाईंना पद्मविभूषण मिळालं ते २०११ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी.

फोटोग्राफर निवडताना

फोटोप्रेमी माणूस दुसऱ्याचं काम बघतो ते त्याच्या सर्वोत्तम वीस फोटोंवरून, कारण इन्स्टाग्रामवर तेच असतात. त्यापेक्षा एखाद्या जोडप्याला दिलेला एका शूटचा पूर्ण संच दाखवायला सांगावा. दुपारी साडेअकराचे फोटो कसे आहेत? दोघांपैकी एक जण कॅमेऱ्यासमोर अवघडलेला असेल तर फोटोग्राफरने त्याला कसं सांभाळलंय? पोर्टफोलिओतून हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून बघायला हवी. त्या संचातल्या माणसांच्या त्वचेचा रंग खरा वाटतो का? सावळा रंग उजळवून देणं ही अनेक ठिकाणी न मागता मिळणारी सेवा आहे. ती नको असेल तर एडिटिंग सुरू होण्याआधी, शक्यतो लेखी, सांगितलेलं बरं. एकदा पत्रिकेवर गोरागोमटा नवरा छापून आला की मग बोलण्यात अर्थ उरत नाही.

पन्नास फोटोंची यादी हातात ठेवली तर फोटोग्राफर यादीवर टिकमार्क करत बसतो. पाच-सहा चौकटी मनात पक्क्या असतील तेवढ्या सांगाव्यात, काय अजिबात नको तेही सांगावं आणि बाकीचं त्याच्यावर सोडावं. उचलून घेणं, फुगे, धूर सोडणाऱ्या कांड्या, बुलेटवरचा फोटो, जे नको असेल ते. दुसऱ्याची नजर विकत घ्यायची आणि मग ती वापरू द्यायची नाही, हा महागडा प्रकार आहे.

उजेड: इथला 'गोल्डन अवर' तासाचा नसतो

फोटोग्राफीची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ युरोप-अमेरिकेतून येतात. त्यामुळे सूर्यास्ताआधीचा सोनेरी तास ही कल्पना जशीच्या तशी उचलली जाते आणि इथे आल्यावर वेळ कमी पडतो. कारण भूगोलाचं आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो. मावळतीच्या वेळी तो तासाला साधारण १३ ते १४ अंश उतरतो. लंडनमध्ये जूनच्या संध्याकाळी तो तिरका सरकत जातो आणि हाच वेग साधारण निम्मा, म्हणजे ७ अंशांच्या आसपास असतो. सूर्य क्षितिजापासून ६ अंशांवर आला की उजेड खऱ्या अर्थाने सोनेरी आणि मऊ होतो असं धरलं, तर लंडनकरांना पाऊण तासाहून जास्त वेळ मिळतो, पुणेकरांना २५ ते २८ मिनिटं. त्यानंतरचा निळसर संधिप्रकाश आणखी वीस-पंचवीस मिनिटं टिकतो.

सह्याद्रीत हे गणित आणखी घट्ट होतं. पश्चिमेला डोंगर असेल तर सूर्य क्षितिजाआधीच डोंगराआड जातो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे साधारण १० अंश व्यापते. डोंगराची उंची अर्ध्या मुठीएवढी दिसत असेल तर वीसेक मिनिटं आधीच गेली म्हणून समजावं, म्हणजे सोनेरी उजेडाचा बहुतेक सगळा वेळ. म्हणून जागा बघायला जाताना दुपारी बाराला जाऊन उपयोग नाही. ज्या वेळी शूट करायचं त्याच वेळी, शक्य तर त्याच आठवड्यात जाऊन बघावं. कपडे बदलणं आणि चहा-नाश्ता त्या २५ मिनिटांच्या आधी किंवा नंतर. मधे काहीही नाही.

सकाळचा उजेडही तितकाच चांगला असतो, आणि जागा रिकाम्या असतात. फक्त केस, मेकअप, नेसणं हे सगळं धरून पहाटे साडेतीनला उठावं लागतं. हे दोघांनाही मान्य आहे का, ते विचारून घेतलेलं बरं. एकाच्या छंदापायी दुसऱ्याची झोप जात असेल तर ते फोटोत दिसतं.

पावसाळा बहुतेक जण टाळतात. खरं तर चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसल्याने चांगले फोटोग्राफर मोकळे असतात, आणि ढगाळ आकाश म्हणजे डोक्यावर पसरलेला भलामोठा सॉफ्टबॉक्स. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत, दुपारीही फोटो काढता येतात. पाऊस फोटोत दिसायला हवा असेल तर उजेड पावसाच्या मागून यायला हवा आणि मागची बाजू गडद हवी. समोरून उजेड असला की भर पावसातला फोटोही कोरडा दिसतो. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून बॅग अर्धा तास आधी बाहेर ठेवून मगच उघडावी. धबधब्यांच्या बाबतीत मात्र फोटोचा विचार नंतर करावा. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने खालचं पाणी मिनिटांत वाढतं. अनेक ठिकाणी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढतं ते यासाठीच.

समुद्रावर जायचं तर तिथी बघा

कोकण किनाऱ्यावरच्या शूटला सूर्यास्ताची वेळ सगळे बघतात, भरतीची फार कमी जण. ओल्या वाळूत आकाशाचं आणि दोघांचं प्रतिबिंब हवं असेल तर संध्याकाळी पाणी उतरत असायला हवं किंवा नुकतं उतरलेलं.

यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्या दिवशी सूर्यास्ताला पाणी वर आलेलं असतं आणि उभं राहायला कोरड्या वाळूची पट्टी तेवढी उरते. पौर्णिमा-अमावास्येला हाच हिशेब सव्वाअकराचा येतो. म्हणजे भरती दुपारच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी. ओल्या वाळूसाठी हे दिवस आणि त्यांच्या पुढचे एक-दोन दिवस सोयीचे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावीच, पण महिन्यातला कोणता आठवडा निवडायचा हे ठरवायला कालनिर्णय पुरतं.

एक धोका लक्षात ठेवायला हवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जितकं दूर जातं तितक्याच वेगाने परत येतं. खडकांवर किंवा खाडीच्या तोंडाशी उभं राहून शूट करत असाल तर कुणीतरी एकाने फक्त पाण्याकडे लक्ष ठेवावं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हा चढउतार कमी असतो.

आणि कोकणात पौर्णिमेचा चंद्र समुद्रातून उगवत नाही, पाठीमागच्या डोंगरावरून वर येतो. चंद्र आणि समुद्र एकाच चौकटीत हवेत तर पौर्णिमेनंतरची पहाट गाठावी लागते, चंद्र मावळतानाची.

कुठे परवानगी लागते?

रायगड, शनिवारवाडा, वसईचा किल्ला ही ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. अशा स्मारकांमध्ये पर्यटक म्हणून हातात कॅमेरा धरून फोटो काढणं वेगळं, आणि ट्रायपॉड, दिवे, कपडे बदलणं असा सरंजाम घेऊन शूट करणं वेगळं. ट्रायपॉडसाठीही आधी परवानगी लागते. नियमांच्या पलीकडचा भागही आहे. गडांवरच्या प्री-वेडिंग शूटवर दुर्गप्रेमी संघटनांनी वेळोवेळी आक्षेप घेतला आहे. ज्या ठिकाणी लोक चप्पल काढून माथा टेकतात, तिथे मिठी मारून पोझ दिली तर वाद होणार, हे सांगायला परवान्याची गरज नाही.

वनखात्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते. रेल्वे रुळांवरचे फोटो दिसायला कितीही छान असले तरी रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे, आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हा हट्ट सोडावाच. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते. तिथे फुलांत बसून काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे तुडवलेली फुलं.

ड्रोन आणणार असाल तर २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. आकाशाचे लाल, पिवळा आणि हिरवा असे भाग केलेले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी पायलटचा परवाना लागत नाही. पण त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवणाऱ्या फोटोग्राफरकडे तो असायला हवा. तो दाखवायला सांगण्यात संकोच नको. मुंबई-पुण्यात विमानतळ आणि लष्करी ठिकाणं इतकी आहेत की आधी नकाशा बघितल्याशिवाय ड्रोनचे पैसे भरू नयेत.

कपडे

इथे थोडक्यात. बारीक चौकडीचा किंवा बारीक रेघांचा शर्ट नको. सेन्सरच्या जाळीशी त्याची जाळी भिडते आणि कापडावर लाटांसारखी नक्षी उमटते. पैठणीचा जर समोरून फ्लॅश मारला की पांढरा फटक होतो. बाजूने येणाऱ्या उजेडात त्याची वीण दिसते आणि धूपछाव रंग खुलतात. दाट झाडाखाली किंवा हिरवळीवर भर दुपारी उभं राहिलं की चेहऱ्यावर हिरवट झाक येते. फोटोप्रेमींना हे माहीत असतं, पण स्वतःच्या वेळी तेही विसरतात.

आपलाच फोटो विचित्र का वाटतो?

कॅमेऱ्यामागच्या माणसाला समोर येताना सर्वांत जास्त छळते ती ही गोष्ट. "माझे फोटो चांगले येत नाहीत" हे वाक्य फोटोग्राफरच जास्त वापरतात.

यामागे थोडं मानसशास्त्र आहे. माणूस स्वतःला रोज आरशात बघतो, म्हणजे उलटं. कोणताच चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. भांग, हसताना वर जाणारा ओठाचा कोपरा, एक भुवई, हे सगळं फोटोत आपल्या सवयीच्या विरुद्ध बाजूला दिसतं. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना स्वतःच्या फोटोची सरळ आणि आरशासारखी उलटी प्रत दाखवली गेली. स्वतःला उलटी प्रत जास्त आवडली, जवळच्या माणसांना सरळ. म्हणजे जो फोटो बघून आपण नाक मुरडतो, त्यात जोडीदाराला त्याच्या ओळखीचा चेहरा दिसत असतो.

दुसरं कारण अंतराचं. मोबाईलचा मुख्य कॅमेरा वाइड असतो, त्यामुळे चेहरा चौकटीत मोठा यावा म्हणून तो फार जवळ आणला जातो, आणि जवळून नाक मोठं व कान मागे गेलेले दिसतात. दोन-अडीच मीटरवरून ८५ मिमीच्या लेन्सने काढलेला तोच चेहरा माणसाला समोर बसून दिसतो तसा येतो. फोटोग्राफर सारखा अंगावर येत असेल तर त्याला मागे सरकायला सांगण्याचा सल्ला मात्र वर केलेल्या कराराच्या विरोधात जातो. तेव्हा हे आधीच बोलून घ्यावं.

अवघडलेपणावर पोझचा उतारा चालत नाही, कामाचा चालतो. हातांना काहीतरी हवं. गजरा माळणं, टपरीवर चहा घेणं, सायकल ढकलत चालणं, जुना अल्बम चाळणं. ज्या दोघांची ओळख ट्रेकमध्ये झाली त्यांनी सॅक लावून चालावं. ठरवून जुळलेल्या लग्नात दोघे एकमेकांना चार-पाच वेळाच भेटलेले असतात. त्यांना तर पहिला अर्धा तास फोटो न काढता नुसतं फिरू द्यावं, आणि जवळ येण्याच्या पोझ दोघांनाही सहज वाटतील तेवढ्याच घ्याव्यात. इथे फोटोप्रेमीची हौस आणि जोडीदाराचा संकोच यांत निवड करायची वेळ आली, तर संकोचाला मान द्यावा.

फोटोंचा मालक कोण?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे पैसे देऊन करून घेतलेल्या शूटचे हक्क मुळात जोडप्याकडे येतात. पण बहुतेक फोटोग्राफरांच्या करारात वेगळं लिहिलेलं असतं. हक्क त्यांच्याकडे राहतील, किंवा ते फोटो जाहिरातीत आणि समाजमाध्यमांवर वापरतील. सही करण्याआधी हे कलम शोधावं. आपले फोटो अनोळखी लोकांनी बघावेत हे दोघांपैकी एकालाही नको असेल, तर ते कलम काढून टाकायला सांगता येतं.

गंमत अशी की मित्राने फुकट काढलेल्या फोटोंचे हक्क मित्राकडेच राहतात, कारण तिथे मोबदला नाही.

करारात आणखी तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: एडिट केलेले फोटो किती आणि किती दिवसांत, पाऊस पडला तर पुढची तारीख कशी, आणि रॉ फाइल्स मिळणार का. फोटोप्रेमी हमखास रॉ मागतात, फोटोग्राफर हमखास नाही म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. अर्धवट काम त्यांच्या नावावर बाहेर जायला नको असतं. मागायच्याच असतील तर दर ठरण्याआधी मागाव्यात.

फोटो आल्यावर

सहाशे फोटोंची लिंक येते तेव्हा फोटोप्रेमी लगेच फोकस तपासायला बसतो. डोळ्यांवर फोकस आहे की पापण्यांवर, हे बघताना समोरचं हसू सुटतं. आधीच्या अभ्यासाचा इथे उपयोग करता येतो. दोघांनी वेगवेगळं बसून निवड करावी, आणि स्वतःचे एकट्याचे फोटो स्वतः निवडू नयेत, ते जोडीदाराने निवडावेत. दोघांच्या याद्यांत जे फोटो सारखे निघतील ते पत्रिकेला आणि रिसेप्शनच्या स्क्रीनला. जोडीदाराच्या यादीत एखादा हललेला, फोकस चुकलेला फोटो निघाला तर तो काढून टाकण्याआधी का निवडला ते विचारावं.

मूळ फाइल्सच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. सासर आणि माहेर अशी दोन घरं असताना ही तिसरी प्रत कुठे ठेवायची, हा प्रश्न तसा सुटलेलाच असतो. आणि वीस-पंचवीस फोटो कागदावर छापून घ्यावेत. मोबाईलवरच्या लिंक मुदत संपली की बंद होतात. आजीला तर लिंक उघडताही येत नाही, तिला फोटो हातात धरून चष्मा लावून बघायचा असतो.